निचऱ्याच्या पाण्यावर जगणाऱ्या पाणथळ जागा

एरंडोल तालुक्यात चैत्र-वैशाखात हिंडणाऱ्यास बहुतेक नाले कोरडे दिसतात. वाळू तापलेली असते, काठची बाभूळ तेवढी हिरवी असते. परंतु जेथे कालव्याचे पाणी शिवारात फिरते, तेथे एखाद्या नाल्याचा तळ उन्हाळ्यातही ओला राहतो. त्याच्या कडेने लव्हाळा माजलेला असतो, खोलगट जागी पाणकणीस उभे असते, आणि घोटाभर पाण्यात शेकाट्या आपले तांबडे लांब पाय उचलीत चालत असतो. ह्या पाण्याचा उगम विद्यार्थ्यांस विचारला, तर ते बहुधा ‘झरा आहे’ असे सांगतात. ते अगदीच चूक नव्हे. मात्र ह्या झऱ्याचा उगम डोंगरात नसून वरच्या अंगाच्या शेतांत आहे.

पद्मालयाचे तळे तालुक्यातील बहुतेक मुलांनी पाहिलेले असते. गणपतीच्या देवालयासमोरील त्या तळ्यात कमळे फुलतात, आणि भोवतालच्या टेकड्यांवर पडलेला पाऊस त्यात उतरतो. ते पावसाने भरणारे तळे होय. कालव्याखालील नाल्याची पाणथळ मात्र पावसाने केवळ धुतली जाते. वर्षातील उरलेले आठ महिने ती पिकांना देऊन उरलेल्या पाण्यावर जगते. दोन्ही ठिकाणी पाणी, चिखल, वनस्पती व पक्षी असले, तरी दोहोंचे आयुष्य निरनिराळ्या हातांत आहे. पहिलीचे ढगांच्या हाती, तर दुसरीचे पुष्कळसे पाटकऱ्याच्या हाती.

शेतास दिलेले सारे पाणी पीक पीत नाही. काही उन्हाने उडून जाते, काही सरीच्या टोकाशी वाहून जाते, आणि काही मुळांच्या खाली उतरते. खानदेशच्या काळ्या जमिनीखाली मुरूम असतो व मुरमाखाली काळा कातळ. खाली उतरलेले पाणी कातळाशी अडते, उताराच्या दिशेने हळूहळू सरकते आणि जेथे नाल्याने जमीन कापलेली असते तेथे पाझरून बाहेर येते. ह्यासच निचऱ्याचे पाणी म्हणतात. आवर्तन संपल्यावरही पाझर काही काळ चालू राहतो, कारण मातीतून पाणी सरकण्याची गती फार मंद असते. आज नाल्यात दिसणारे पाणी कित्येक आठवड्यांपूर्वी कोणाच्या तरी गव्हास वा केळीस दिलेले असू शकते.

ह्या पाण्यास वाट दिली नाही तर काय होते, ह्याचा धडा महाराष्ट्राने फार पूर्वी घेतलेला आहे. नीरा नदीवरील डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. दुष्काळी मुलखात उसाचे मळे उभे राहिले. परंतु पाणी मुबलक आणि निचरा अपुरा, त्यामुळे जमिनीखालील पाण्याची पातळी वर चढत गेली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या पादात बारामतीकडील हजारो एकर जमीन चिबड व खारवट झाली. ज्या जमिनीत पूर्वी जोंधळा येई, तेथे पांढरी पुटे दिसू लागली. कालव्यांच्या अशा प्रश्नांचा अभ्यास करण्यासाठी मुंबई सरकारने १९१६ मध्ये एक खास कक्ष काढला. खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राचा उगम त्या कक्षात आहे. पुढे ठिकठिकाणी निचऱ्याचे चर खणण्यात आले. म्हणजे, शेत वाचविण्यासाठी ज्या गोष्टी बाहेर घालवावयाच्या, त्या चराने बाहेर जातात. त्या पुढे कोठे जातात, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारला नाही.

धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीवरील फडपद्धती ह्या बाबतीत अधिक शहाणी होती, असे म्हणावे लागते. बंधाऱ्यातून काढलेला पाट फडांना पाणी देत जाई आणि उरलेले पाणी पाटाच्या शेवटी पुन्हा नदीस मिळे. फडांतील पिके वर्षागणिक फिरत असल्याने एकाच जमिनीवर सतत उसाचे पाणी उभे राहत नसे. उरलेल्या पाण्यास परतीचा रस्ता होता, हा येथे लक्षात घेण्याचा मुद्दा होय.

निचऱ्याच्या पाण्यावर प्रथम शेवाळ येते, मग लव्हाळा, मग पाणकणीस. चिखलात किडे, गोगलगायी व बेडूक वाढतात. त्यांच्यामागे पक्षी येतात, आणि त्यांची वाटणी पाण्याच्या खोलीप्रमाणे होते. शेकाट्यास घोटाभर पाणी पुरते. बगळा त्याहून थोडा आत उभा राहतो. टिबुकलीस बुडी मारण्याइतकी खोली लागते. जांभळी पाणकोंबडी पाणकणसाच्या आडोशाशिवाय राहत नाही, तर कमळपक्षी तरंगत्या पानांवर चालतो व त्यावरच अंडी घालतो. हिवाळ्यात थापट्या व तलवार बदके उत्तरेकडून येतात, आणि लडाख-तिबेटच्या उंच प्रदेशात वीण करणारा चक्रवाक तापीच्या वाळवंटात उतरतो. पाण्याची पातळी वीतभर खाली गेली, तर माणसास फरक जाणवत नाही. ह्या पाखरांपैकी काहींची मात्र राहण्याची जागाच नाहीशी होते.

अशा पाणथळीचे आरोग्य पाच-दहा वर्षे चांगले दिसते, म्हणून ते तसेच टिकेल असे समजू नये. दीर्घकाळाचा विचार करताना पहिली गोष्ट पाहावयाची ती क्षारांची. सर्व पाण्यात थोडेफार क्षार विरघळलेले असतात. कालव्याच्या पाण्यात ते कमी असतात. शेतातून जाताना पीक पाणी घेते व क्षार मागे ठेवते. ऊनही पाणी नेते व क्षार ठेवते. त्यामुळे निचऱ्याचे पाणी कालव्याच्या पाण्यापेक्षा नेहमीच अधिक खारट असते. त्यात कोणाची चूक नाही, तो पाण्याचा स्वभाव आहे.

पुढचा हिशेब वरच्या वर्गातील मुलांस फळ्यावर करून दाखविता येईल. एक मीटर खोल डबके घ्यावे. त्याच्या दर लीटर पाण्यात एक ग्रॅम क्षार आहे असे धरावे. खानदेशच्या उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसास सुमारे एक सेंटिमीटर उडते. तेवढेच पाणी नाल्यातून रोज येत राहिले, तर शंभर दिवसांत एक मीटर पाणी उडून जाईल व एक मीटर नवे येईल. पातळी जागच्या जागी राहील. पण उडालेल्या पाण्याने क्षार नेले नाहीत आणि आलेल्या पाण्याने आपले क्षार आणले. म्हणून शंभराव्या दिवशी त्याच डबक्यात दर लीटरला दोन ग्रॅम क्षार असतील. काठावरून पाहणाऱ्यास काहीच बदललेले दिसणार नाही.

ह्या डबक्यास बाहेर जाण्याचा मार्ग असेल आणि पावसाळ्यात पूर त्यातून वाहून जात असेल, तर साचलेले क्षार धुऊन जातात व पुढल्या वर्षी हिशेब पुन्हा एक ग्रॅमपासून सुरू होतो. मार्ग नसेल तर तो दोनापासून सुरू होतो, मग तिनापासून. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर हे त्याचे टोकाचे उदाहरण होय. त्यात झरे येतात, पाऊस येतो. बाहेर मात्र कोणताच प्रवाह जात नाही. म्हणून त्याचे पाणी तीव्र क्षारयुक्त झाले आहे. २०२० च्या जून महिन्यात पाणी आटून क्षार वाढले, तेव्हा क्षारप्रिय सूक्ष्म जीवांमुळे ते गुलाबी दिसू लागले आणि वृत्तपत्रांत त्याची छायाचित्रे आली. लोणारला त्या खारेपणाचीच थोरवी आहे. शिवारातील नाल्याची पाणथळ लोणार झाली, तर तिच्यात कमळ, मासा व बेडूक राहणार नाहीत.

जळगाव जिल्ह्यात ह्या दृष्टीने पाहण्याजोगे ठिकाण म्हणजे हतनूर. तापीवरील ह्या धरणाच्या फुगवट्यात चांगदेवजवळ पूर्णा नदी मिळते, आणि पूर्णा येते ती अमरावती, अकोला व बुलढाणा ह्या जिल्ह्यांतील खारपाण पट्ट्यातून, जेथील विहिरींचे पाणीही खारे असते. एवढे असूनही हतनूरचा फुगवटा खारट सरोवर बनला नाही. हिवाळ्यात तेथे पक्ष्यांची मोठी वस्ती असते. धरणास ४१ दरवाजे आहेत व पावसाळ्यात त्यांतून पुराचे पाणी सोडावे लागते, त्यावरून हे समजते. क्षार पाण्यात विरघळून जातात, म्हणून पुराबरोबर निघून जातात. पूर्णेने आणलेला गाळ मात्र पुष्कळसा मागे राहतो. गाळामुळे धरणाची साठवण घटते. त्याच गाळाची उथळ बेटे पाणपक्ष्यांस मानवतात. एकाच्या तोट्यात दुसऱ्याचा लाभ असा हा प्रकार आहे, आणि त्याचा निवाडा सोपा नाही.

क्षारांहून वेगळी गोष्ट खतांची. युरियातील नत्र पिकास मिळते तसे पाण्याबरोबर खालीही जाते. स्फुरद मातीच्या कणांस चिकटून पहिल्या पावसाच्या लोंढ्यातून नाल्यात येते. शेतात जे खत, ते डबक्यातही खतच. तेथे ते शेवाळ व जलपर्णी पोसते. जलपर्णीने पाणी झाकले की उजेड आत जात नाही, तळाशी मेलेली पाने कुजतात, आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो. दाट शेवाळाच्या डबक्यात मासे पहाटे वर येऊन तोंड उघडताना दिसतात. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते, पण रात्रभर सारी जीवसृष्टी, शेवाळासकट, तो वापरीत असते. म्हणून त्याची सर्वांत अधिक टंचाई सूर्योदयापूर्वी असते. मुले हे दृश्य पाहतात आणि पुष्कळदा ‘कोणी विष टाकले’ असा तर्क करतात. तसेही कधी घडते. कापसावर फवारलेली औषधे पावसाने धुऊन येऊ शकतात. परंतु पहाटेच्या माशांचे कारण अनेकदा कुजणाऱ्या हिरवळीत असते.

पाणथळ हीच पाण्याची गाळणी आहे, असे अलीकडे वारंवार लिहिले जाते. ते खरे आहे, पण किती खरे हे नीट समजून घ्यावे. पाणकणसाच्या मुळांभोवतालच्या चिखलात असे जीवाणू असतात की जे पाण्यातील नत्राचे वायूत रूपांतर करून त्यास हवेत सोडून देतात. नत्राच्या बाबतीत पाणथळ म्हणजे खरोखरीची गाळणी होय. स्फुरद चिखलात बसते. तेथे पाणथळ गाळणी नसून कोठार आहे, आणि कोठार कधीतरी भरते. क्षारांच्या बाबतीत ती गाळणीही नाही व कोठारही नाही. क्षार आले तितके वाहून गेले तर बरे, नाहीतर ते साचणार. पाणकणीस लावले म्हणजे खारे पाणी गोडे होईल, ही समजूत सोडून दिली पाहिजे.

विरघळलेले द्रव्य साचत गेले म्हणजे काय घडते, ह्याचा सर्वांत कटू अनुभव अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात आला. सॅन वाकिन नदीच्या खोऱ्यातील बागायतीचे निचऱ्याचे पाणी एका लांब कालव्याने केस्टरसन येथील तळ्यांत सोडण्यात येऊ लागले. कालवा समुद्रखाडीपर्यंत न्यावयाचा होता; तो अर्ध्यावर थांबला, आणि तळी हेच त्याचे शेवटचे ठिकाण ठरले. तेथे पाखरांची गर्दी झाली व लोकांस आनंद वाटला. १९८३ मध्ये अंड्यांतील पिल्ले चोच, डोळे व पाय व्यंग असलेली आढळली. त्या खोऱ्याच्या मातीत सागरतळी बनलेल्या खडकांतून आलेले सेलेनियम नावाचे मूलद्रव्य होते. ते निचऱ्यातून आले, तळ्यांत साचले, शेवाळातून किड्यांत व किड्यांतून पाखरांत वाढत गेले. १९८६ मध्ये कालव्याचे तोंड बंद करण्यात आले. खानदेशचा कातळ लाव्हारसाचा आहे, सागरतळाचा नव्हे. म्हणून तेथील भय येथे जसेच्या तसे आणण्याचे कारण नाही. लक्षात ठेवावयाचे ते एवढेच की पाखरांची गर्दी हा पाणथळ निरोगी असल्याचा पुरावा नव्हे. पाखरे पाणी पाहून येतात, पाण्याची परीक्षा करून येत नाहीत.

आता ह्या विषयातील सर्वांत अवघड भागाकडे वळावयाचे आहे. निचऱ्याच्या पाण्यावर जगणाऱ्या पाणथळीस शेतकऱ्याच्या उधळपट्टीपेक्षा त्याची काटकसर अधिक धोक्याची ठरू शकते. जळगाव जिल्ह्यात केळीच्या व इतर बागांत ठिबक सिंचन मोठ्या प्रमाणावर आले. कालव्यांना व चाऱ्यांना अस्तर केले म्हणजे पाझर थांबतो. गिरणा धरण १९६९ मध्ये पूर्ण झाले, पण ते दरवर्षी भरतेच असे नाही. भरले नाही त्या वर्षी आवर्तने कमी होतात आणि कालव्याच्या शेवटच्या गावांस थेंबथेंब मोजावा लागतो. अशा प्रदेशात पाणी वाचवू नका, असे कोणी सांगणार नाही, आणि सांगू नये. परंतु वाया गेलेले पाणी म्हणून ज्याचा हिशेब होतो, त्यातील काही खालच्या गावच्या विहिरीत जाते आणि काही नाल्यातील पाणथळीस मिळते. ते वाचविले की वरच्या शेतात भर पडते व खाली तितकीच तूट येते. शिवाय थोड्या पाण्यावर पीक काढले म्हणजे जे काही थोडे पाणी निचऱ्याने येते, ते अधिक खारट असते. प्रमाण घटते व गुणही घटतो.

हा पेच मेक्सिको व अमेरिका ह्या दोन देशांपुढे प्रत्यक्ष उभा राहिला. कोलोरॅडो नदीचे पाणी दोघेही वापरतात. १९६१ मध्ये अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यातील वेल्टन-मोहॉक भागातून उपसलेले खारट निचऱ्याचे पाणी नदीत सोडले जाऊ लागले आणि खाली मेक्सिकोतील मेहिकाली खोऱ्याची पिके करपू लागली. भांडण वाढले. १९७३ मध्ये करार झाला, आणि १९७७ पासून ते खारट पाणी नदीत न सोडता वेगळ्या कालव्याने समुद्राजवळील एका ओसाड सखल जागेत नेण्यात येऊ लागले. हेतू केवळ नको असलेले पाणी दूर टाकण्याचा होता. परंतु त्या जागी कित्येक हजार हेक्टरांवर पाणकणसाचे रान उभे राहिले, आणि नदीच्या मुखाशी धरणांमुळे नाहीशी झालेली पाखरे तेथे परत आली. सिएनेगा दे सांता क्लारा असे तिचे नाव. तेथे येणाऱ्या पाण्यात दर लीटरला अडीच ते तीन ग्रॅम क्षार असतात. पाणकणीस ते सोसते, आणि उरलेले पाणी पुढे उघड्या मिठागराकडे पसरत जाते, त्यामुळे क्षार रानातच साचून राहत नाहीत.

इकडे अमेरिकेने त्याच पाण्यास गोडे करण्यासाठी युमा येथे मोठे यंत्रघर बांधले. ते १९९२ मध्ये पुरे झाले, थोडे दिवस चालले व थांबले. ते पूर्ण चालविले तर सिएनेगास जाणारे पाणी फार कमी होईल व येईल ते अतिशय खारट असेल, हे सर्वांस कळले होते. म्हणून २०१० मध्ये ते प्रयोगादाखल सुमारे वर्षभर चालवावयाचे ठरले, तेव्हा आधी दोन्ही देशांनी व निसर्गरक्षणाच्या संस्थांनी मिळून एक समझोता केला: यंत्रघर जितके पाणी घेईल, त्याच्या बदली तिघांनी वाटून घेऊन दुसरीकडून पाणी द्यावयाचे. ज्या पाणथळीचा पाण्यावर कागदोपत्री कोणताच हक्क नव्हता, तिच्यासाठी पाण्याचा वाटा बाजूस काढण्यात आला. तो समझोता त्या प्रयोगापुरताच होता, हेही येथे नमूद केले पाहिजे.

भारतातही असा प्रसंग आला आहे. राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव पक्षी-उद्यान गंभीर नदीच्या पाण्यावर भरत असे. वर पांचना धरण झाल्यावर, विशेषतः २००४ च्या सुमारास, शेतकऱ्यांस पाणी की पाखरांस, असा वाद पेटला आणि उद्यान कोरडे पडले. पुढे गोवर्धन नाल्याचे पाणी नळाने आणून त्याची तूट काही अंशी भरण्यात येऊ लागली. ज्या नाल्याचे काम शेतांतील नको असलेले पाणी दूर नेण्याचे, तोच जगप्रसिद्ध उद्यानाचा आधार झाला.

महाराष्ट्रात ह्या विषयाचा खुला ग्रंथ म्हणजे नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर. निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा ह्यांच्या संगमाशी विसाव्या शतकाच्या आरंभी कालव्यांसाठी बंधारा घालण्यात आला. बांधणाऱ्यांच्या मनात पाखरांचा विचार नव्हता. बंधाऱ्यामागे गाळ साठला, उथळ पाणी पसरले, बेटे झाली, आणि १९८६ मध्ये तेथे अभयारण्य घोषित करावे लागले. २०२० च्या जानेवारीत ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. रामसर म्हणजे इराणातील ते शहर, जेथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळींच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. नांदूर मधमेश्वरास पाणी येते ते पुराचे, वरच्या धरणांतून सोडलेल्या आवर्तनांचे, आणि द्राक्षे, ऊस व कांदा ह्यांच्या बागायतीतून व वस्त्यांतून उतरणारे. पूर क्षार धुऊन नेतो. आवर्तन पातळी राखते. बागायतीचे व वस्तीचे पाणी जलपर्णीस पोसते. कालव्यात पाणी सोडले की पातळी उतरते, आणि त्या उतरण्याशी पाखरांचे वेळापत्रक जुळतेच असे नाही.

येथे कायद्याची एक अडचण सांगणे अवश्य आहे. पाणथळ जागांच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये नियम केले. त्यांत सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली जलाशये पाणथळीच्या व्याख्येतून वगळली आहेत. नांदूर मधमेश्वरास मोठ्या नावाचे संरक्षण मिळाले. पण गावोगावच्या कालव्याखाली आपोआप तयार झालेली बिननावाची दलदल कोणत्या कागदावर कोठे बसते, हे पुष्कळदा कोणी पाहिलेलेच नसते. तिची नोंद प्रथम शाळेनेच केली, तर त्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

शिक्षकांनी ह्यासाठी गावापासून चालत जाता येईल अशी एकच जागा निवडावी. मुलांस पाण्यात उतरू देऊ नये; काठावरून पाहावे, आणि ते पाणी कोणी पिऊ नये हे आधी बजावावे. दोन सारख्या पसरट थाळ्या घ्याव्यात. एकीत साठविलेले पावसाचे व दुसरीत नाल्याचे गाळलेले, असे मापून सारखेच पाणी ओतून त्या उन्हात ठेवाव्यात. पाणी उडाल्यावर कोणत्या थाळीत किती पांढरे कडे राहते, हे मुलांनीच बोट फिरवून पाहावे. हाच प्रयोग कार्तिकात एकदा व वैशाखात एकदा केला, तर दोन्ही वेळच्या कड्यांतील फरक पुष्कळ शिकवून जाईल. अचूक आकडा हवा असल्यास माती-पाणी परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नमुना पाठविता येतो.

नाल्याच्या कडेस, पुराने वाहून जाणार नाही अशा ठिकाणी, सेंटिमीटरच्या खुणा केलेली बांबूची काठी रोवावी. आठवड्यातून एका ठराविक वारी दोन विद्यार्थ्यांनी पातळी वाचावी, दिसलेले पक्षी मोजावेत, आणि पाणी कोठून येते व कोठून बाहेर जाते ह्याची खूण नकाशात करावी. पक्ष्याचे नाव माहीत नसेल तर ‘बदकाएवढा, चोच लाल’ असे लिहिले तरी चालेल. खोटे नाव लिहू नये. बाहेर जाणारी वाट कचऱ्याने, बेशरमीच्या झुडपाने वा नव्या बांधाने बुजली, तर ते तारखेसह लिहावे, कारण ह्या साऱ्या वहीत तीच नोंद पुढे सर्वांत अधिक उपयोगी पडण्याचा संभव आहे. वहीत कालव्याच्या आवर्तनासाठी एक निराळा रकाना ठेवावा. पाणी कधी सुटले व कधी बंद झाले, हे पाटकरी किंवा पाणी वापर संस्था सांगू शकते. वर्षअखेरीस आवर्तनाच्या तारखा व काठीवरील पातळी ह्यांचा आलेख एकाच कागदावर काढला, म्हणजे पाणी बंद झाल्यानंतर किती दिवस नाला वाहत राहतो, हे त्या शिवारापुरते प्रथमच आकड्यांत कळेल.